जाळ्यात मऊ पाठीचे कासव आले तर

होळी झाली की वैनगंगेची धार बारीक होत जाते आणि चैत्र संपेपर्यंत नदी डोहाडोहांत तुटते. उरलेल्या पाण्यात मासे गोळा होतात, मासे धरणारेही तिथेच गोळा होतात, आणि ब्रह्मपुरी-आरमोरीच्या मधल्या आमच्या पट्ट्यात जाळ्यात कासव येण्याचे प्रसंग याच दोन-अडीच महिन्यांत सर्वाधिक घडतात. मी गेली काही वर्षे गावच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचे हिशेब लिहितो. त्यामुळे सकाळी जाळी बाहेर येतात तेव्हा मी बहुधा काठावर असतो, आणि कासव निघाले की पुढे काय करायचे हे विचारायला लोक माझ्याकडे वळतात. सुरुवातीला मलाही ते ठाऊक नव्हते. आमच्याकडे कासव मारून खाणाऱ्यांच्या हातून जितकी कासवे मेली, त्याहून जास्त कासवे त्यांच्यावर उपकार करायला निघालेल्यांच्या हातून मेलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांतले एक माझ्या हातून मेले आहे. म्हणून हे लिहीत आहे.

पुढचे विवेचन मुख्यतः एका जातीपुरते आहे. तिला पुस्तकी मराठीत लीथचे मऊ पाठीचे कासव म्हणतात. जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये तिचे वर्णन केले आणि लीथ नावाच्या डॉक्टरवरून तिला नाव दिले. हे कासव जगात फक्त भारतात, आणि भारतातही मुख्यतः दक्षिणेकडच्या द्वीपकल्पातल्या नद्यांत आढळते. आपली वैनगंगा वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे आपल्या डोहातले कासव हे गोदावरीच्या खोऱ्यातले कासव आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत या जातीची गणना नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींत होते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामा येथे झालेल्या साइट्स परिषदेत (साइट्स म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) भारताच्या प्रस्तावावरून तिचे नाव परिशिष्ट १ मध्ये घालण्यात आले, म्हणजे तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. तीस वर्षांत या कासवांची संख्या ९० टक्क्यांनी घटली, असे त्या वेळी भारताने मांडले होते. तेव्हा तुमच्या जाळ्यातले एक कासव ही किरकोळ बाब नव्हे.

ओळख कशी पटवावी

आपल्या भागात पाण्यातली कासवे अनेक प्रकारची निघतात आणि सगळ्यांना एकाच नावाने हाक मारली जाते. ओळख चुकली तर कासव कुठे सोडायचे हा निर्णय चुकतो, म्हणून येथे थोडा वेळ द्यावा.

पाठीवर बोट टेकवून पाहावे. पाठ दगडासारखी टणक असेल आणि तिच्यावर उभे कंगोरे असतील, तर ते काळे तळ्यातले कासव किंवा घराच्या छपरासारख्या पाठीचे कासव असण्याची शक्यता आहे. पाठ कातड्याची, गुळगुळीत आणि ओलसर लागली, तर ते मऊ पाठीच्या कुळातले आहे. या कुळातले आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारे कासव म्हणजे मालगुजारी तलावांत, बोडीत आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतही सापडणारे झडपेचे कासव. त्याची पाठ फुगीर, उकडलेल्या बटाट्याच्या अर्ध्या फोडीसारखी असते, आणि मागचे पाय आत ओढले की पोटाच्या बाजूला असलेल्या कातड्याच्या दोन झडपा त्यांच्यावर बंद होतात. ते सहसा एका विती-दीड वितीपेक्षा मोठे होत नाही.

लीथचे कासव याच्या उलट चपटे असते. पाठ तव्यासारखी, मध्ये थोडी टणक आणि कडेला लवचिक. उचलले की ती कड भाकरीच्या काठासारखी लवते. मागे झडपा नसतात. नाक पुढे निघालेल्या छोट्या नळीसारखे असते आणि मान पाहणाऱ्याच्या अंदाजापेक्षा पुष्कळ लांब असते. डोके हिरवट असून डोळ्यांच्या मधून मानेकडे एक काळी रेघ जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा फुटतात. पिल्लाची पाठ पाहिली तर ओळख आणखी सोपी असते, कारण तिच्यावर डोळ्यांसारखे चार ते सहा गोल ठिपके असतात. मोठे झाल्यावर ते पुसट होत जातात. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ दोन फुटांपर्यंत जाऊ शकते. गंगेच्या खोऱ्यातले त्याचे भाऊबंद दिसायला बरेच सारखे असतात; पण आपली नदी पाहता हा गोंधळ आपल्याकडे फारसा होऊ नये. रेघा दिसल्या नाहीत किंवा खात्री पटली नाही, तर "चपटे, मऊ, झडप नाही" एवढे लक्षात ठेवणे पुरे आहे, कारण पुढची काळजी तीच घ्यायची आहे.

जाळ्यातून सोडवताना

सर्वांत आधी कासव सावलीत न्यावे आणि त्याच्यावर ओले पोते टाकावे. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमारास रेतीवर पाय ठेववत नाही. अशा रेतीवर मऊ पाठीचे कासव काही मिनिटे राहिले तरी त्याच्या पोटाचे आणि पाठीच्या कडेचे कातडे भाजू लागते. टणक पाठीच्या कासवाला जे थोडेफार सोसते ते याला सोसत नाही, कारण याची कातडी श्वास घेण्याच्या कामातही भाग घेते आणि ती कोरडी पडणे हाच त्याला मोठा मार असतो. पोते गच्च भिजलेले असावे आणि त्याने डोके झाकले जावे. डोके झाकले की कासव शांत होते, हे मी शेकडो वेळा नव्हे, पण पंधरा-वीस वेळा तरी पाहिले आहे.

आता पकड. मऊ पाठीचे कासव चावते, आणि त्याची मान मागे पाठीच्या अर्ध्यापर्यंत सहज पोहोचते. म्हणून त्याला पुढून किंवा कुशीच्या मधोमध धरू नये. मागच्या पायांच्या थोडे पुढे, पाठीच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी हात लावावा, बोटे खालच्या बाजूला आणि अंगठे वर. कासव जड असेल तर एक हात पोटाखाली सरकवावा. शेपटीला धरून कधीही लोंबकळत ठेवू नये, कारण त्याच्या सगळ्या वजनाचा ताण तेव्हा पाठीच्या कण्यावर येतो. पाठीवर पाय देऊन दाबून धरणे ही आमच्याकडची सर्रास सवय आहे. तव्यासारख्या त्या पाठीखाली फुप्फुसे आहेत, हे आठवले तर पाय आपोआप मागे येईल.

चुकून बोट तोंडात गेलेच, तर हिसडा मारू नये. हात आणि कासव दोन्ही पाण्यात धरावेत. पाणी लागले की बहुधा ते बोट सोडून निघून जाते. जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कासव हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये, कारण कासवांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात.

नायलॉनचे जाळे असेल तर ते उलगडण्याचा हट्ट धरू नये, कापावे. पन्नास-शंभर रुपयांच्या जाळ्यासाठी पंधरा मिनिटे ओढाताण केली की कासवाच्या मानेभोवतीचा धागा मांसात रुततो. बोथट टोकाची कात्री वापरावी, विळा किंवा पात्याचा चाकू नव्हे. आधी मानेचा वेढा, मग पुढचे पाय, मग मागचे पाय, असा क्रम ठेवावा. कापलेला प्रत्येक तुकडा खिशात घालावा आणि घरी नेऊन जाळावा किंवा पुरावा. काठावर टाकलेला तुकडा पहिल्या पुरात पुन्हा नदीत जातो. धागा काढल्यावर मानेभोवती किंवा काखेत खोल खाच दिसली, तर ते कासव सोडण्यासारखे नाही, त्याला वैद्यकीय उपचार लागतील.

रात्री उभे बांधून ठेवण्याच्या जाळ्यांबद्दल एक सूचना. मऊ पाठीची कासवे कातडीवाटे आणि घशाच्या आतल्या भागातून पाण्यातला काही प्राणवायू घेऊ शकतात, म्हणून ती खूप वेळ खाली राहू शकतात. पण जाळ्यात धडपडणाऱ्या कासवाला एवढा प्राणवायू पुरत नाही आणि ते बुडून मरते. जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंग जास्त बांधले आणि जाळे पूर्ण तळापर्यंत ताणले नाही, तर अडकलेल्या कासवाला नाक वर काढण्याची संधी मिळते. रात्री एकदा तरी डोंगा घेऊन जाळे पाहून यावे. आमच्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ ढीवर बांधवाने ही पद्धत अगोदरपासूनच ठेवली होती, आणि कारण विचारल्यावर ते म्हणाले की, जिवंत मासळीला भाव जास्त येतो. कारण काही का असेना.

गरी गिळली असेल तर

गरी म्हणजे मासे धरण्याचा गळ. तोंडाच्या कडेला अडकलेली आणि काटा बाहेर दिसणारी गरी काढता येते. पक्कडीने काट्याचे टोक कापावे आणि गरी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने हळूच मागे सरकवावी. मात्र गरी तोंडात किंवा घशात खोल असेल, तर दोरी ओढू नये. ओढल्याने गरी सुटत नाही, अन्ननलिका फाटते. दोरी तोंडापासून एक वीत ठेवून कापावी, म्हणजे डॉक्टरला गरीचा माग लागतो, आणि कासव ओल्या पोत्यात ठेवून वन विभागाला कळवावे. दोरी अगदी तोंडापाशी कापून "आता ते गंजून पडेल" असे म्हणत पाण्यात सोडणाऱ्यांचा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो मला पटत नाही.

निपचित पडलेले कासव

जाळ्यातून निघालेले कासव हलत नसले, तरी ते मेले असे लगेच धरू नये. कासवाचे शरीर सावकाश चालते आणि बुडालेले कासव कित्येक तासांनी पाय हलवताना दिसले आहे. अशा कासवाला उलटे पाडू नये. पोटावरच ठेवून मागची बाजू थोडी उंच करावी, मान सरळ लांब करावी आणि डोके खाली राहील अशा बेताने धरावे, म्हणजे तोंडातून व नाकातून पाणी बाहेर येते. पुढचे पाय हळूहळू आत-बाहेर करावेत, घाई नको. त्यानंतर सावलीत, ओल्या कापडाखाली, नाक उघडे ठेवून ठेवावे. त्याला "पाणी मिळावे" म्हणून टबात बुडवू नये, कारण शुद्ध नसलेले कासव टबातही बुडते. संध्याकाळपर्यंत, शक्य असेल तर दुसऱ्या सकाळपर्यंत वाट पाहावी. डोळ्याच्या कडेला बोट हलकेच लावले असता पापणी आकसली, तर ते जिवंत आहे.

कळवावे कोणाला आणि केव्हा

कासव धडधाकट असेल, जाळे सुटले असेल आणि जखम नसेल, तर ते त्याच क्षणी त्याच पाण्यात सोडणे हाच योग्य मार्ग आहे, आणि सोडल्यानंतर वनरक्षकाला फोनवर कळवले तरी चालते. जखमी, गरी गिळलेले, एका बाजूला कलून तरंगणारे किंवा पाठीच्या कडेला कापलेले कासव मात्र वन विभागाच्या ताब्यात द्यावे. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे. नागपूरला सेमिनरी हिल्स येथे वन विभागाचे वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. आपल्या भागातून ते दूर आहे, पण कासव ओल्या पोत्यात आणि सावलीत असेल तर दीड-दोनशे किलोमीटरचा प्रवास त्याला झेपतो. नेताना टमाटरचे प्लास्टिक क्रेट चांगले, तळाला ओले पोते आणि वर ओले पोते; पाणी भरलेली बादली नको, कारण गाडीच्या धक्क्यांनी कासव त्यात आपटते आणि थकलेले असले तर बुडतेही.

सर्व नद्यांतली ही कासवे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली संरक्षित आहेत. जाळ्यात आलेले कासव सोडवून परत पाण्यात सोडणे आणि तेच कासव पोरांना खेळायला घरी नेणे, या दोहोंत कायद्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. मेलेले कासव सापडले तरी तेही सरकारी मालमत्ता असते, आणि ते ज्याच्या ताब्यात आले त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे, असे त्या अधिनियमाचे ३९ वे कलम सांगते. लोक भीतीने गप्प बसतात. उलट, आपण होऊन कळवणाऱ्याची बाजूच कायद्यापुढे भक्कम राहते.

नखांची गोष्ट

कासव निघाल्याची बातमी गावात पसरली की दुपारपर्यंत कुणीतरी मोटारसायकलवर येतो आणि नखे मोजायला मागतो. वीस नखांचे कासव घरात असले की गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, असा हा बाजार आहे, आणि आमच्या भागात त्यापायी लोकांनी जमिनी गहाण टाकल्या आहेत.

नखे मोजायचीच असतील तर मोजावीत. ते फार सोपे आहे. मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला बोटे पाच असली तरी नखे तीनच असतात, आणि या कुळाचे शास्त्रीय नावही तीन नखांवरूनच पडले आहे. चार पायांची मिळून बारा. आपल्याकडच्या टणक पाठीच्या कासवांना बहुधा पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार, म्हणजे अठरा. वीस कुठून आणायची? दलाल विकताना अठराची वीस करून दाखवतो, कधी नखांच्या बाजूला कठीण खवले असतात तीही मोजून घेतो, आणि घेणारा पैसे देऊन मोकळा होतो. माझ्या अनुभवात, काठावर दहा माणसांसमोर बारा नखे मोजून दाखवली की गर्दीतला निम्मा उत्साह ओसरतो. उरलेल्यांना २०१३ चा जादूटोणाविरोधी अधिनियम आणि वन्यजीव कायदा या दोन्हींची एकत्र आठवण करून द्यावी. तरीही एखादा अडून बसला, तर कासव त्याच्या डोळ्यांसमोरच पाण्यात जाऊ द्यावे, नंतर नाही.

फोटो आणि नोंद

मोजके फोटो उपयोगाचे असतात: डोक्याचा वरून एक, म्हणजे रेघा दिसतील, पाठीचा वरून एक, शेजारी हाताची वीत ठेवून, आणि मागच्या बाजूचा एक, म्हणजे झडपा नाहीत हे कळेल. कासव उलटे करून पोटाचा फोटो काढण्याची गरज नाही. गळ्यात हार घालून, डोक्यावर ठेवून, बाळाच्या मांडीवर देऊन काढलेले फोटो कुणाच्याच कामाचे नाहीत, आणि एका फोटोत दहा मिनिटे जातात. तारीख, नदी, जवळचे गाव, पाण्याची अंदाजे खोली, काठ रेतीचा की खडकाचा, एवढे वहीत लिहावे.

फोटो गावाच्या नावासह व्हॉट्सॲपच्या गटांत टाकू नयेत. मागे एकदा आमच्याकडच्या डोहाचे नाव असलेला फोटो तीन तालुक्यांत फिरला आणि आठवड्याभरात त्या डोहावर अनोळखी माणसे गरी टाकताना दिसली. वनरक्षकाला आणि कासवांचा अभ्यास करणाऱ्यांना जागा सांगावी; गटाला फक्त "वैनगंगेत" एवढे सांगितले तरी बातमी पूर्ण होते.

अंडी सापडली तर

नदीच्या पात्रात डांगरवाडी, म्हणजे वेलफळांची वाडी, लावणाऱ्यांना खुरपताना किंवा आळे खणताना कासवाची अंडी सापडतात. मऊ पाठीच्या कासवांची अंडी पांढरी, गोल, कागदी लिंबाएवढी आणि टणक कवचाची असतात, पक्ष्यांच्या अंड्यांसारखी लांबट नसतात. ती उचलू नयेत, धुऊ नयेत, आणि कुठल्याही कारणाने फिरवू नयेत. अंडे घातल्यानंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडे उलटले की तो तुटतो. रेती जशी होती तशी हाताने परत लोटावी, वर काटेरी फांद्या टाकाव्यात म्हणजे कुत्री आणि मुंगूस उकरत नाहीत, आणि ती जागा सोडून पुढे खुरपावे. एका वेलाची जागा गेली तर गेली. रेतीघाटाच्या ट्रॅक्टरची वाट त्या जागेवरून जात असेल, तर मात्र त्याच दिवशी वन विभागाला कळवणे भाग आहे, कारण चाकाखाली दबलेल्या रेतीत अंडी तगत नाहीत आणि पिल्लू वर येत नाही.

कुठे आणि कसे सोडावे

माझ्या हातून मेलेल्या कासवाची गोष्ट येथे सांगायला हवी. ते मेमधले दिवस होते, डोह आटत आला होता आणि जाळ्यात एक चपटे, परातीएवढे कासव आले. डोह आटल्यावर ते मरेल असे मला वाटले. आमच्याकडे विहिरीत कासव सोडण्याची जुनी रीत आहे, कासवाने विहिरीचे पाणी स्वच्छ राहते असे मानतात, म्हणून मी ते आमच्या शेतातल्या विहिरीत सोडले आणि पुण्याचे काम केल्याच्या समाधानात घरी गेलो. विहिरीला दगडी बांध होता आणि बसायला कुठेही टेकण नव्हती. पंधरा दिवसांनी ते फुगून वर आले. नंतर वाचल्यावर कळले की या जातीच्या कासवाला नदीची रेती आणि चिखल लागतो, ज्यात अंग पुरून फक्त नाक वर ठेवता येते. त्याचे खाणे मासे, खेकडे आणि गोगलगाई हे आहे. आणि उभ्या भिंतींच्या विहिरीत त्याला यांतले काहीच मिळत नाही. झडपेचे कासव एखाद्या विहिरीत कसेबसे दिवस काढते, म्हणून ही रीत चालू राहिली असावी. नदीच्या कासवासाठी विहीर म्हणजे फाशी.

नियम एकच: ज्या पाण्यातून निघाले त्याच पाण्यात, शक्यतो त्याच डोहात. मंदिराच्या कुंडात नाही, गावतलावात नाही, शेततळ्यात नाही, आणि दुसऱ्या नदीतही नाही. पश्चिम विदर्भातून पूर्णेच्या काठचे पाहुणे आले असतील आणि कासव सोबत घेऊन जायचे म्हणत असतील, तर त्यांना सांगावे की पूर्णा तापीला मिळते, ती वेगळ्या खोऱ्याची नदी आहे. डोह खरोखरच आटत असेल, तर त्याच नदीत वर किंवा खाली जो सर्वांत जवळचा खोल डोह असेल तिथे वनरक्षकाच्या सोबत नेऊन सोडावे. नागपुरातून आणलेले लाल कानाचे विदेशी कासव मोठे झाले म्हणून वैनगंगेत सोडायला येणारेही भेटतात. त्यांना नदीजवळ फिरकू देऊ नये, ते कासव आपल्या कासवांचे खाणे आणि जागा दोन्ही खाते.

लगेच सोडता आले नसेल, तर वेळ सकाळची किंवा सूर्य मावळतानाची निवडावी. गोसीखुर्द धरणातून पाणी सोडणार असल्याची सूचना असेल त्या दिवशी थांबावे. पाण्यात फेकू नये. फेकलेले कासव तळाच्या खडकावर आपटते आणि मऊ कड फाटते. पाण्यापासून हातभर अंतरावर, ओल्या रेतीवर, डोके पाण्याकडे करून ठेवावे, पोते हळूच काढावे आणि पाच-सहा पावले मागे सरावे. बरेचदा ते दोन-तीन मिनिटे हलतच नाही, आणि मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी काडीने टोचायला जातो. त्याचा हात धरावा. मग मान बाहेर येते, ती डावीकडे-उजवीकडे फिरते, आणि ते एकदम, आपल्या अंदाजापेक्षा फार वेगाने, पाण्यात शिरते.

सोडल्यावर लगेच घरी जाऊ नये. अर्धा तास काठावर बसावे. कासव ठीक असेल तर ते डोहाच्या कडेला कुठेतरी रेतीत अंग पुरून घेते आणि थोड्या वेळाने पाण्यावर फक्त नाकाची नळी दिसते, बोटाच्या टोकाएवढी, जिच्याभोवती पाण्याचे एक लहान वर्तुळ फुटते. ते पुन्हा काठाकडे तरंगत आले, एका अंगावर कलले किंवा बुडी घेऊ शकले नाही, तर त्याला परत घेऊन १९२६ वर फोन करावा.